दशा

रविवारी दहा मिनिटं बोलायचं होतं:
दुसऱ्या शुभवर्तमानाची पार्श्वभूमी आणि वैशिष्ट्यं.
पाळकांनी माझं नाव परस्पर फळ्यावर लिहून टाकलं होतं.
म्हणून गुरुवारी संध्याकाळी
शांतवन उजगऱ्यांच्या ओट्यावर, वही घेऊन.

एप्रिल. फरशीवर मारलेलं पाणी मारतानाच सुकत होतं.
चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेल्यानं
काका ऐकत नाहीत, ओठ बघतात.
शेजारच्या अंबूबाई चिलवेरी
मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या.

"लिही. चौघांत सगळ्यांत आखूड.
जन्म नाही, गव्हाणी नाही, तारा नाही.
एकदम नदीवर सुरुवात.
आणि मग लागलेच, लागलेच, लागलेच.
धोट्याला दम नाही बघ.
लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव कुठंच घातलेलं नाही.
जुनी माणसं म्हणायची, तो पेत्राचा दुभाष्या."

दुभाष्या म्हटल्यावर अंबूबाईंकडे बघून हसले.
मुकादमाचं मराठी तेलुगूत,
आणि तेलुगूतली शिवी जरा मऊ करून मराठीत,
कारखान्यात काकाच पोचवायचे.

"म्हणून तो मध्येच थांबतो, समजावतो:
यहुदी लोक हात असे धुतात, या शब्दाचा अर्थ असा.
ऐकणारे परके होते.
रोमातले, म्हणतात. जीव मुठीत धरलेले."

मी लिहिलं: परके. जीव मुठीत.

"बरं झालेल्याला तो सांगतो, बोलू नको कुठं.
तो गावभर करतो.
जवळच्यांना सगळं उलगडून सांगतो,
ते नावेत भाकरी मोजत बसतात.
भुतं तेवढी ओळखतात त्याला.
आणि शेवटी ओळखतो कोण?
क्रुसापाशी पहाऱ्याला उभा असलेला परका शिपाई."

मग एका जागी बोट ठेवलं, ते हलेना.
बागेत धरपकड चाललेली.
एक पोरगा, उघड्या अंगावर नुसती चादर.
त्याला धरलं
तर चादर त्यांच्या हातात सोडून
नागडा पळाला.
कोण, कुणाचा, पुढं काय झालं, काही नाही.
बाकी तिघांनी ही गोष्टच गाळली.

काका हळू बोलले,
म्हणजे बहिऱ्याला हळू वाटतं तसं,
कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत:
"संपाचं साल. पौषातली थंडी.
गेटवर यल्लय्याला धरला, मी त्याच्या मागंच.
माझी पण चादर आली जमादाराच्या मुठीत.
मीच विणलेली, लाल काठाची.
सोडली.
लागलेच.
यल्लय्या परत मागावर उभा राहिला नाही.
कोणाला सांगू नको, बाळ."

मान खाली होती. डोळे पानावर.
म्हणून त्यांना दिसलं नाही
अंबूबाईंचे हात थांबलेले,
आणि ओठ:
"आमच्या भावाला त्याच चादरीत घालून आणलं की ओ.
लाल काठाची. अजून हाय.
मी पांघरते."

मी काकांच्या खांद्याला हात लावायला हवा होता.
वर बघा म्हणायला हवं होतं.
त्यांनी पान उलटलं.

"आता शेवट. बायका कबरेतून पळाल्या, थरथरत.
कोणाला काही बोलल्या नाहीत. भ्याल्या होत्या.
झालं. इथंच संपतं.
पुढच्या ओळी कुणीतरी नंतर जोडल्यात,
बोट फिरव, सांधा लागतो हाताला.
ताणा संपला की दशा लोंबतात, लोंबू द्याव्या.
ज्याला बघवत नाही, तो गाठी मारतो."

अंबूबाईंनी सूप उचललं, आत गेल्या.

रविवारी मी बोलले.
आखूड. घाई. दुभाष्या. परकी माणसं.
न कळणारे शिष्य.
पंखे फिरत होते आणि वारा नव्हता.
काका पहिल्या बाकावर
माझ्या ओठांकडे बघत.
चादरीपाशी आले,
घड्याळात नऊ मिनिटं झाली होती.